लॉन काढून जलपिंपळी लावायची म्हणता, तर...

नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळचा बंगला, पुढे साधारण सहाशे चौरस फूट जागा, चार वर्षांपूर्वी अंथरलेलं लॉन, त्यात घुसलेला लव्हाळा आणि एप्रिल लागला की पिवळं पडणारं अर्धं अंगण. माळीबुवा म्हणतात, वेडेलिया लावून मोकळे व्हा. तुम्हाला मात्र जमिनीलगत पसरणारं, आपल्या मातीतलं काहीतरी हवंय. त्यावर फुलपाखरं आणि मधमाश्या याव्यात, पाणी कमी लागावं, पोरांना थोडंफार खेळता यावं आणि सासूबाईंना सापाची धास्ती नको. कोणतं झाड, कधी लावायचं, किती रोपं लागतील, असं तुम्ही विचारलंय.

नाव सांगायचं तर जलपिंपळी. काही ठिकाणी हिला रतवेल किंवा रतोलिया म्हणतात, शास्त्रीय नाव फायला नोडिफ्लोरा. पण नावावर थांबलो तर उत्तर अर्धंच राहील, कारण तुम्ही एकात दोन गोष्टी मागितल्या आहेत. एक, माती झाकायची. दुसरी, त्या झाकणावर कुणीतरी जगायला हवं. पहिलं काम लॉनही करतं आणि वेडेलियाही. दुसरं हवं असेल तर पानं कुरतडलेली दिसणार, फुलं सुकेपर्यंत ठेवावी लागणार, कात्री कमी चालवावी लागणार आणि औषधाचा पंप कपाटात राहणार. नाशिकमध्ये बागा करताना मला सारखं दिसतं की लोक झाड अगदी योग्य निवडतात आणि निगा मात्र लॉनचीच ठेवतात. दर पंधरा दिवसांनी कापणी, महिन्याला फवारणी. मग फुलपाखरं का येत नाहीत म्हणून फोन येतो. म्हणून घरात आधी हे ठरवून घ्या की थोडं अव्यवस्थित दिसलेलं सगळ्यांना चालणार आहे का. चालणार नसेल तर लॉनच नीट करून घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

वेडेलियाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: लावू नका. मूळचं अमेरिका खंडातलं हे झाड जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या प्रजातींच्या यादीत आहे, आपल्या घाणेरीच्या शेजारी. पिवळी फुलं भरपूर येतात, त्यावर माश्याही बसतात, नाही असं नाही. पण पानं आपल्याकडच्या अळ्यांच्या फारशा कामाची नाहीत, आणि खाली दुसरं काही उगवू देत नाही. नाल्याच्या कडेला एक कांडी पडली की पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिथे त्याचंच राज्य असतं. माळीबुवांना ते आवडतं, कारण ते मरत नाही. अडचणही तीच आहे.

आता जलपिंपळीकडे येऊ. ही तुम्ही नक्की पाहिली असेल, फक्त ओळख झालेली नसेल. पाटाच्या कडेला, तळ्याकाठच्या ओलसर गाळावर, विहिरीजवळ पाणी सांडतं तिथे, भातखाचरांच्या बांधावर ती आपोआप वाढते. खोड जमिनीला चिकटून सरपटतं आणि पेरापेराला मुळं सोडतं. पानं समोरासमोर, देठाकडे निमुळती आणि टोकाकडे रुंद. पानाच्या फक्त वरच्या अर्ध्या भागाला दाते असतात, ही तिची पक्की खूण. पानाच्या बगलेतून बोटभर उंच काडी निघते आणि तिच्या टोकावर जांभळट काळपट बोंडूक असतं. त्या बोंडकाभोवती पांढऱ्या-गुलाबी चिमुकल्या फुलांचं कडं फुलतं. खालची फुलं आधी फुलतात, मग कडं वर सरकत जातं, आणि बोंडूक लांबट होत पिंपळीसारखं दिसू लागतं. सगळी उंची चार ते सहा इंच, उन्हात त्याहूनही कमी. नर्सरीत मागताना जलब्राह्मी किंवा ब्राह्मी हातात येण्याची शक्यता खूप असते. ब्राह्मीची पानं जाडसर, गुळगुळीत आणि बिनदात्यांची असतात. दाते पाहूनच रोप घ्या.

ही कोणाला काय देते? फुलं इतकी लहान आहेत की मोठ्या फुलपाखरांना इथे फारसं काही मिळत नाही. नीलवंतासारखं आपलं राज्य फुलपाखरू येईल या आशेने ही लावू नका, ते लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतं आणि मोठ्या फुलांवर मध पितं. जलपिंपळी आहे छोट्यांसाठी. गवतातून जमिनीलगत उडणारी, नखाएवढी निळसर करडी ग्रास ब्लू फुलपाखरं, फुलोरी आणि सातेरी माश्या, एकट्या राहणाऱ्या बारीक माश्या, फूलमाश्या. या सगळ्यांची सोंड किंवा जीभ आखूड असते आणि त्यांना उथळ फुलं लागतात. वर्षातला बराच काळ फुलं असतात हे त्याहून महत्त्वाचं. पावसाळा सरला आणि रानातली फुलं आटली, तरी पाणी मिळणाऱ्या जलपिंपळीवर काही ना काही फुललेलं असतंच.

आणि ती अळीलाही खायला घालते. पीकॉक पॅन्सी, म्हणजे मयूर भिरभिरी, हे नारिंगी पंखांवर मोठे डोळे असलेलं फुलपाखरू तालीमखाना या पाणथळ जागेतल्या काटेरी झुडपावर वाढतं तसं जलपिंपळीवरही वाढतं. त्याची पावसाळी आणि कोरड्या दिवसांतली रूपं वेगळी असतात. पावसाळ्यात पंखांच्या खालच्या बाजूलाही डोळे दिसतात. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात तीच बाजू वाळक्या पानासारखी होते आणि पंखांच्या कडाही टोकदार असतात, त्यामुळे पंख मिटून बसलं की शोधून सापडत नाही. अळी काळपट असते आणि अंगावर फांद्या फुटल्यासारखे काटे असतात. घरात नेमका इथेच गोंधळ होतो. काटे पाहून कुणीतरी खाजरा सुरवंट म्हणून मीठ टाकतं. या अळीचे काटे टोचत नाहीत, हात लागला तरी खाज येत नाही. खाज आणणारा घुला दाट मऊ केसांचा असतो. मुलांना हा फरक एकदा दाखवून ठेवा, पुढे तीच मोठ्यांना अडवतात.

‘देशी’ हा शब्द तुम्ही मुद्दाम वापरलाय म्हणून थोडं सांगतो. जलपिंपळी फक्त भारताची नाही, उष्ण कटिबंधात जगभर नैसर्गिकपणे आढळते. पण आपल्याकडे ती जुनी आहे, आयुर्वेदाला माहीत आहे, आणि इथल्या कीटकांना तिची सवय आहे. नाशिकच्या अंगणासाठी मला एवढं पुरतं. एकच काळजी घ्या. ‘लिपिया लॉन’ या नावाने ऑनलाइन जे विकतात ते दर वेळी हेच असेल असं नाही. हिचीच एक दक्षिण अमेरिकेतली बहीण आहे, तिने ऑस्ट्रेलियात मरे-डार्लिंग नद्यांच्या पूरमैदानांवर धुमाकूळ घातला आहे. दूरच्या पार्सलपेक्षा जवळच्या बांधावरची कांडी बरी.

आता तुमची जागा. तुम्ही लिहिलंय की एका बाजूला धुण्याच्या मोरीचं पाणी येतं, रस्त्याकडच्या बाजूला बांधकामाच्या वेळी टाकलेला मुरूम आहे आणि कोपऱ्यात आंबा आहे. म्हणजे सहाशे फुटांत तीन वेगळ्या जमिनी झाल्या. सगळीकडे एकच झाड लावायचा हट्ट धरला तर एक तृतीयांश छान दिसेल आणि उरलेल्यासाठी वर्षभर पाइप धरून उभं राहावं लागेल.

मोरीच्या बाजूची काळी माती जलपिंपळीची हक्काची जागा. पावसाळ्यात आठवडाभर चिखल राहिला तरी ती कुजत नाही, आणि काळ्या मातीला भेगा पडतात त्या दिवसांतही पेरांतली मुळं तग धरतात. वरून करपली तरी एक-दोन पाण्यात पुन्हा फुटते. खारटपणाही बऱ्यापैकी सोसते, त्यामुळे आरओचं वाया जाणारं पाणी तिला चालतं. धुण्याचं पाणी मात्र जपून द्या. साबणातला सोडा चिकण मातीत साठत जातो, मग माती घट्ट होऊन पाणी मुरेनासं होतं. हा परिणाम वर्ष-दोन वर्षांनी दिसतो, तेव्हा मुळात काय झालं ते कुणाच्या लक्षात येत नाही. साबणाचं पाणी कधीमधी, मधे साधं पाणी, आणि ब्लीच घातलेलं पाणी अजिबात नाही, असं ठेवा. पावसाळ्यात ती जमीन चांगली धुतली जाते, तेवढा दिलासा.

मुरमाच्या बाजूला जलपिंपळी लावली तर जानेवारीपर्यंत बरी दिसेल आणि मार्चपासून रोज पाणी मागेल. तिथे विष्णुक्रांता लावा. बारीक रुपेरी लव असलेली पानं, जमिनीवर पसरणाऱ्या काड्या आणि नखाएवढी निळी फुलं. फुलं सकाळी उघडतात आणि दुपारपर्यंत मिटतात, म्हणून संध्याकाळी घरी येणाऱ्याला ती दिसत नाहीत. पांडवलेण्यांच्या डोंगरउतारावर किंवा शहराबाहेरच्या कुठल्याही मुरमाड माळावर पावसाळ्यात फिरलात तर पायाखाली हीच असते. उन्हाळ्यात ती जवळजवळ नाहीशी होते. ते तिचं मरण नव्हे, पण अंगण मात्र चार महिने उघडं दिसतं. ते सोसत नसेल तर मधेमधे काळे दगड मांडा. दगड मांडलेला मुरूम आणि त्यात विरळ विष्णुक्रांता हे मला कुठल्याही हिरव्यागार लॉनपेक्षा देखणं वाटतं, पण ही आवड आहे, नियम नाही.

जुन्या लॉनमध्ये रानमेथी आहे का तेही एकदा वाकून पाहा. तीन इवलीशी पानं, जांभळट फुलं, गवतात दबून पसरलेली. नाशिकच्या बऱ्याच लॉनमध्ये ती न लावता आलेली असते आणि माळी ती तण म्हणून खुरपून टाकतात. कडधान्याच्या कुळातली असल्याने ती मातीत नत्र धरते, पाय पडले तरी टिकते, आणि लेसर ग्रास ब्लूच्या अळ्या तिच्यावर वाढतात. तुमच्याकडे ती असेल तर लॉन उकरताना तेवढे तुकडे बाजूला काढून ठेवा. आंबुशीही अशीच न बोलावता येते, तिच्यावर पेल ग्रास ब्लू अंडी घालतं. ती काढायची घाई करू नका.

आंब्याखाली सावली दाट असेल तर तिथे काहीच लावू नका. पाचोळा राहू द्या. दयाळ आणि सातभाई तो उलथापालथा करून किडे वेचतात, त्यासाठी तुम्हाला एक रुपयाही खर्च नाही. अर्धवट ऊन येत असेल आणि थोडी ओल टिकत असेल तर मंडूकपर्णी, म्हणजे गोलसर पानांची जमिनीलगत पसरणारी वनस्पती, चालेल.

जमीन तयार करण्यावर मात्र मी अडून बसेन, कारण तुमचा खरा शत्रू लव्हाळा आहे. जलपिंपळी दाट झाली की बारीक तण दाबते, पण लव्हाळ्याच्या गाठी खोलवर असतात आणि त्याचं पातं तिच्या गालिच्यातून सरळ वर येतं. नंतर ते उपटायला गेलात तर जलपिंपळीच उखडते. म्हणून सगळा त्रास आत्ता सोसा. लॉन मुळांसकट काढा, कुदळीने वीतभर खणा, गाठी हाताने वेचा. मग जमिनीला पाणी देऊन आठ-दहा दिवस थांबा. जे उगवेल ते खालची गाठ धरून काढा. पुन्हा पाणी, पुन्हा काढणी. पावसाला अजून महिना-दीड महिना आहे, तेवढ्यात हे तीनदा सहज होतं. ओल्या जमिनीवर पारदर्शक प्लास्टिक अंथरून कडा मातीने दाबायची रीतही चांगली आहे. मे महिन्याच्या उन्हात चार ते सहा आठवड्यांत वरच्या थरातलं वार्षिक तणांचं बी भाजून निघतं. लव्हाळ्याच्या खोल गाठी मात्र त्याने मरत नाहीत, म्हणून वेचणी टळत नाही. तणनाशक मारून दोन दिवसांत मोकळं व्हायचा मोह होईल. ज्या जागेत तुम्हाला माश्या आणि अळ्या बोलवायच्या आहेत तिथे मी ते मारत नाही, आणि गिऱ्हाइकाने फारच आग्रह धरला तर काम सोडतो.

लाल माती आणायची गरज नाही. नर्सरीवाले ट्रॉलीभर विकायला तयार असतात, पण आपली काळी माती जलपिंपळीला उत्तम आहे. पूर्ण कुजलेलं शेणखत बोटभर जाडीचं पसरून वरच्या थरात मिसळा, बस्स. कच्चं शेण घातलंत तर हुमणी आणि तणाचं बी दोन्ही येतं. युरिया तर नकोच. खत जास्त झालं की पानं मोठी, लुसलुशीत होतात आणि फुलं कमी येतात, म्हणजे तुम्हाला हवं त्याच्या बरोबर उलट.

रोपं विकत घेण्याआधी आजूबाजूला विचारा. कुणाच्या शेतात पाटाकडेला ही असेल तर मालकाला विचारून मूठभर वेल आणली तरी पुरते. नांदूर मध्यमेश्वरच्या काठावर भरपूर दिसते म्हणून तिथून आणू नका. ते अभयारण्य आहे, आणि 2020 साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं पाणथळ ठिकाण ठरलं. तिथली कांडीही तिथेच राहू द्या. द्राक्षबागेच्या बांधावरची वेल घ्यायची असेल तर तिथे अलीकडे तणनाशक किंवा दुसरं औषध मारलंय का ते विचारा. आणलेल्या वेलीबरोबर माती आणू नका. मुळं बादलीत धुवून घ्या, नाहीतर हराळी, काँग्रेस गवत आणि लव्हाळा फुकट मिळतात.

तीन-चार पेरांच्या कांड्या करा. खालची दोन पेरं मातीत जातील अशा, छोट्या पिशव्यांत किंवा जुन्या ट्रेमध्ये लावा आणि सावलीत ओलसर ठेवा. उन्हाळ्यातही आठवडा-दोन आठवड्यांत मुळं धरतात, ही काही लाडावलेली वनस्पती नव्हे. आत्ता मेमध्ये कांड्या लावल्यात तर पाऊस स्थिरावेपर्यंत रोपं तयार होतील. नाशिकमध्ये जूनच्या पहिल्या सरीवर विश्वास ठेवून लागवड करू नये. ती सर पडते आणि मग कधीकधी पंधरा दिवस ऊन तापतं. जूनअखेर किंवा जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, जमीन वीतभर ओली झाल्यावर लावा.

अंतर एक फूट ठेवलं तर चौरस मीटरला अकराएक रोपं बसतात. सगळी जागा एकदम भरायला निघालात तर सहाशेच्या आसपास रोपं लागतील. तसं करू नका. मोरीच्या बाजूला शंभर चौरस फूट घ्या, तिथे शंभर रोपं लागतील. दिवाळीपर्यंत त्यांचा गालिचा होतो, आणि पुढच्या पावसाळ्यात तिथूनच कांड्या काढून पुढे सरकता येतं. खर्च वाचतो, आणि वर्षभरात तुमची जागा तिला आवडते की नाही तेही कळतं. पहिल्या दोन महिन्यांत रोपांमधल्या उघड्या मातीत तण येणारच, तेवढे दिवस आठवड्यातून एकदा बसून खुरपा. या दोन महिन्यांत कंटाळा केला की पुढचं सगळं बिघडतं.

पाण्याचा हिशेब कुणी लिटरमध्ये सांगितला तर फार मनावर घेऊ नका. माती, ऊन आणि वारा यावर ते ठरतं. रोपं रुजेपर्यंत पावसाने ओढ दिली तर दिवसाआड, हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी, एप्रिल-मेमध्ये चार-पाच दिवसांनी, असा माझा काळ्या मातीतला अंदाज. बोट मातीत खुपसून पाहा, दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं की पाणी द्या. गंगापूर धरण खाली जाऊन पाणीकपात लागली तर एक महिना करपू दिलं तरी चालतं. डिसेंबर-जानेवारीत थंडी कडक पडली की वाढ थांबते आणि पानांवर जांभळट छटा येते. तो रोग नाही, औषध शोधायला जाऊ नका.

कापणी वर्षातून दोन-तीनदा पुरे. पण एकाच दिवशी सगळी कधीच कापायची नाही. अर्धी जागा आज, उरलेली तीन आठवड्यांनी. अळ्या, कोष, अंडी जी काही असतील ती कापणीच्या दिवशी कुठल्या तरी अर्ध्यात असतात, आणि फुलंही एकदम संपत नाहीत. पात्याची उंची दोन इंचांवर ठेवा. कापण्यापूर्वी खाली वाकून एकदा नजर टाका. पानं चाळणीसारखी झालेली असतील तर तो कोपरा सोडून द्या. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा फुलपाखरांचा भराचा काळ असतो, त्या काळात मी कात्री बाहेर काढतच नाही. दिवाळीला पाहुणे येणार म्हणून अंगण चकाचक करायची घाई नेमकी तेव्हाच होते. करायचंच असेल तर फाटकापासून दारापर्यंतची कड तेवढी नीट कापा. कड सरळ दिसली की आतला पसारा लोकांना मुद्दाम ठेवलेला वाटतो.

फवारणीबद्दल एक गोष्ट बरेच जण विसरतात. कडुनिंबाचं तेल नैसर्गिक असलं तरी अळीला ते अळी म्हणूनच लागतं, मग ती वांग्यावरची असो की मयूर भिरभिरीची. वाळवीसाठी घराभोवती जे औषध ओततात तेही झिरपत या पट्ट्यात येतं. पेस्ट कंट्रोलवाले आले की त्यांना जागा दाखवून ठेवा. हे वाचणारे दिंडोरी, ओझर, निफाडकडचे असतील तर त्यांच्यासाठी वेगळं सांगतो. ऑक्टोबर छाटणीनंतर शेजारच्या द्राक्षबागेत फवारण्या सुरू झाल्या की वाऱ्याबरोबर औषध तुमच्या अंगणात येणारच. त्या बाजूला कोरांटीची किंवा अडुळशाची दाट कुंपणपट्टी लावा. सगळं अडत नाही, पण फरक पडतो. शिवाय कोरांटीवर लेमन पॅन्सी फुलपाखराच्या अळ्या वाढतात, तो वरचा फायदा.

मुलांच्या खेळण्याचं खरं सांगायचं तर जलपिंपळी चालणं-बसणं सोसते, रोजचं क्रिकेट सोसत नाही. आणि फुलावर असताना तिच्यावर माश्या असतात, अनवाणी पाय पडला तर डंख बसू शकतो. जिथून रोज ये-जा आहे तिथे शहाबादी फरशीचे तुकडे हातभर अंतरावर बसवा, त्यांच्या फटींत ती आपोआप भरेल. खेळायला एक तुकडा गवताचाच ठेवला तरी बिघडत नाही. घरात कुणाला माशीच्या डंखाची ॲलर्जी असेल तर दारापासून निदान दहा फूट लांब लावा.

तिची धाव आवरायलाही काहीतरी हवं. वाफ्याच्या कडेने वीट उभी गाडा, वीतभर खोल. कांड्या विटेवरून उडी मारतातच, पण त्या दिसतात आणि महिन्यातून एकदा कातरता येतात. कातरलेलं शेजारच्या नाल्यात टाकू नका, वाळवून मग खतात घाला.

एका जागी, साधारण सुपाएवढी, माती मुद्दाम उघडी ठेवा. ऊन येणारी, पाणी न साचणारी. आपल्याकडच्या कित्येक एकट्या राहणाऱ्या माश्या जमिनीत बीळ करून अंडी घालतात. सगळी जमीन झाकली की त्यांना अन्न मिळतं पण घर मिळत नाही. हुदहुदही अशा मोकळ्या जागेत चोच खुपसून किडे काढतो. मोरीजवळ चिखलाचा एक ओला डाग राहिला तर फुलपाखरं तिथे क्षार प्यायला बसतात, तो डाग बुजवू नका. हिवाळ्यात धोबी पक्षी शेपटी हलवत या ओलसर पट्ट्यावर फिरताना दिसतील.

राहिला सासूबाईंचा प्रश्न, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तुमच्या भागात अजून मोकळे प्लॉट आहेत, साप असणार. साप येणारच नाही असं मी सांगणार नाही, आणि कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण साप येतो उंदीर, बेडूक आणि लपायला जागा यांच्यासाठी. चार इंच उंचीच्या गालिच्यात नाग किंवा धामण लपून राहत नाही. विटांचा ढीग, जुनी लाकडं, कुंडीखालची पोकळी, भिंतीतलं बीळ, उघड्यावरचं खरकटं या गोष्टी आधी हलवा. भिंतीलगत तीन फुटांचा पट्टा फरशीचा किंवा नुसत्या खडीचा मोकळा ठेवा, म्हणजे दाराशी काही आलं तर दिसेल. रात्री पाणी द्यायची सवय असेल तर ती सकाळवर न्या, ओल्या अंगणात रात्री बेडूक जमतात. अंधारात बाहेर जाताना बॅटरी आणि चप्पल. जलपिंपळीत सापसुरळी मात्र नक्की येईल, चकचकीत अंगाची, सरळ पळणारी. ती बिनविषारी आहे, पण तिला पाहून आरडाओरडा आधी होतो आणि चौकशी नंतर. सासूबाईंना तिचा फोटो आधीच दाखवून ठेवा.

आता लगेच करायचं काम लव्हाळ्याचं आहे. या आठवड्यात मोरीकडचे शंभर फूट खणून घ्या आणि पहिलं पाणी सोडा. कांड्यांसाठी ओळखीत पाटाकडचं शेत सापडलं नाही तर देशी झाडं करणाऱ्या एखाद्या नर्सरीला आत्ताच सांगून ठेवा, कारण ही रोपं तयार करून ठेवण्याइतकी मागणी त्यांना नसते आणि जुलैमध्ये विचारलंत तर ते वेडेलियाच पुढे करतील. आंब्याखाली ऊन किती तास येतं ते एकदा घड्याळ लावून पाहा आणि कळवा. त्यावरून मंडूकपर्णी लावायची की पाचोळा ठेवायचा ते सांगतो.